न घेतलेली रिपीट लॅब

चार वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात एका मुलीवर रेकॉर्डची नक्कल केल्याचा ठपका आला आणि तिचं शिक्षण तिथे मोडलं. ज्या समितीने हा ठपका ठेवला तिच्यात मी होतो. तिने नक्कल केली होती हे खरं. ती माझ्या सांगण्यावरून केली होती हेही तितकंच खरं, आणि त्या खोलीत ते तिघांना माहीत होतं: तिला, मला आणि आमच्या विभागप्रमुखांना. ती बोलली. आम्ही दोघंही बोललो, पण काय आणि कसं, ते सांगायला मला चार वर्षं लागली.

मी मूळचा सोलापूरचा. गेली बावीस वर्षं चेन्नईत एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. वेलचेरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजल्याचं घर इथे कुणी हौसेने घेत नाही, दर दोन-चार वर्षांनी पाणी शिरतं. बायको आणि मुलगी सहा वर्षांपूर्वी पुण्याला गेल्या. मुलीचं कॉलेज आणि सासूबाईंचं आजारपण असं दोन्ही एकदम आलं. वर्षभरासाठी म्हणून गेल्या आणि तिथेच रुळल्या. भांडण वगैरे काही नाही. लोक विचारतात तेव्हा मीच आधी सांगून टाकतो, भांडण नाही.

त्यामुळे माझं मराठी दोन ठिकाणी उरलं. संध्याकाळी फोनवर, आणि दुपारी डबा खाताना विभागप्रमुखांच्या खोलीत. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले. जन्म, शाळा, सगळं इथलंच. घर जुन्या चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या एका अरुंद गल्लीत. त्यांची मराठी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती नीट कळलीच नव्हती. सूर सगळा तमिळ, वाक्य शेवटाला वर जाणारं, आणि मधेच एखादा शब्द असा यायचा की तो मी फक्त जुन्या कागदपत्रांच्या पुस्तकात वाचलेला असायचा. आकडे मात्र कायम तमिळमध्ये मोजायचे. माझ्या मराठीला ते रेडिओवरची मराठी म्हणत. मी म्हणायचो, तुमची पेटीतली आहे, कापराचा वास येतो. यावर ते खूश व्हायचे. दार लावून आम्ही अर्धा तास बोलायचो, बहुतेक वेळा कशाबद्दलही नाही. दिवसभर तमिळ आणि इंग्रजी ऐकून जड झालेलं डोकं त्या अर्ध्या तासात हलकं व्हायचं. त्या माणसाला मी कशालाच नाही म्हणू शकलो नसतो. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगतो.

आता त्या मुलीबद्दल. ती व्हॉलीबॉल खेळायची. विळुपुरमच्या बाजूच्या एका गावातली, खेळाडूंच्या कोट्यातून आलेली, घरातली इंजिनिअरिंगला आलेली पहिलीच. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि उंच असल्यामुळे तिथूनही दिसायची. अभ्यासात मध्यम. प्रश्न विचारला की आधी उभी राहायची, मग विचार करायची.

आमच्याकडे खेळाडू स्पर्धेला गेला की त्याला ओडी मिळते, म्हणजे ऑन ड्यूटी. क्रीडा संचालकांचं पत्र आलं की हजेरी लागते. पण हजेरी लागली तरी प्रयोग झालेला नसतो. माझ्याकडे हायड्रॉलिक्सची लॅब होती. पाइपातून पाणी सोडायचं, टाकीत दहा सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघायचं, असे पाच-सहा वेळा आकडे घ्यायचे. ते कच्च्या वहीत लिहून त्याच दिवशी सही घ्यायची, आणि मग पक्क्या रेकॉर्डमध्ये उतरवायचं. डाव्या कोपऱ्यात प्रयोगाची तारीख. ज्यांचे प्रयोग ओडीमुळे चुकले त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी रिपीट लॅब घ्यायची असा नियम. त्याचं वेगळं रजिस्टर असतं. ते मी भरायचो, आणि महिन्याच्या शेवटी विभागप्रमुख त्यावर सही करायचे.

त्या सत्रात मी रजिस्टरात तीन शनिवार भरले. घेतला एकही नाही.

का नाही घेतले, याला मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. कंटाळा. शनिवारी एक वाजता कॅम्पस रिकामं व्हायचं, तंत्रज्ञ लॅबला कुलूप लावायचा, आणि मला घरी जाऊन पंख्याखाली पडायचं असायचं. एका विद्यार्थिनीसाठी पंप चालू करायचा, टाकी भरायची, तंत्रज्ञाला थांबवायचं, त्याची नाराजी ऐकायची. सगळा विभाग हेच करायचा. स्पर्धेहून आलेल्या मुलाला सांगायचं, तुझ्या बॅचमधल्या कुणाचे तरी आकडे घे, रेकॉर्ड लिही, मी सही करतो. तारीख बॅचची तीच टाक म्हणजे वेगळं दिसणार नाही. इतकं रोजचं होतं ते, की त्याला खोटं म्हणतात हे कुणाच्या मनातही येत नव्हतं.

ती कोइंबतूरहून स्पर्धा खेळून आली तेव्हा तिचे सहा प्रयोग राहिले होते. मी तिला शनिवारी दोनला ये म्हणालो. तिने ते खरं मानलं. सोमवारी ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, सार, मी साडेचारपर्यंत होते. तक्रार नव्हती त्यात. माझं काही चुकलं का, वेळ ऐकण्यात गल्लत झाली का, असं विचारल्यासारखं. मला ओशाळं वाटायला हवं होतं. मला तिचा राग आला. मी म्हणालो, राहू दे आता, आकडे घे कुणाचे तरी, तारीख बॅचचीच घाल आणि लिहून टाक. ती म्हणाली, तसं चालतं का सार? मी म्हणालो, मी सांगतोय ना.

वर्गात पहिला येणाऱ्या मुलाकडून तिने आकडे घेतले, सहा प्रयोग स्वच्छ अक्षरात लिहिले, ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. मी सह्या केल्या.

दोन महिन्यांनी कॉलेजकडे एक निनावी पत्र आलं. खेळाडूंना प्रयोग न करताच अंतर्गत गुण मिळतात, असं त्यात होतं. एरवी असं पत्र कुणी वाचलंही नसतं, पण त्या वर्षी बाहेरून पाहणीला समिती यायची होती आणि सगळे कपाटं आवरण्याच्या घाईत होते. डीननी चौकशी समिती नेमली. डीन अध्यक्ष, दुसऱ्या विभागाच्या एक बाई, आमचे विभागप्रमुख, आणि लॅबचा प्रमुख म्हणून मी. ज्याला साक्षीदार म्हणून बोलवायला हवं होतं त्याला त्यांनी खुर्ची दिली, आणि मी तीत बसलो. क्रीडा संचालकांना बोलावलं नाही. ते मुलांची बाजू घेतील, असं डीन म्हणाले.

आम्ही फक्त खेळाडूंचे रेकॉर्ड मागवले. नाचाच्या स्पर्धांना, परिषदांत पेपर वाचायला बाहेरगावी जाणाऱ्या मुलांनाही ओडी मिळते, त्यांचेही रेकॉर्ड असेच लिहिले जातात. त्यांची नावं कुणी काढली नाहीत. मीही काढली नाहीत. अकरा रेकॉर्ड आले. त्यातल्या दहा जणांनी तारखा सफाईने पुढेमागे केल्या होत्या. फक्त हिने मी सांगितलं तसं केलं होतं, बॅचचीच तारीख टाकली होती. त्या तारखेला ती कोइंबतूरला खेळत होती, आणि तसं पत्र कॉलेजच्याच फायलीत होतं. शिवाय सगळे सेकंद त्या पहिल्या येणाऱ्या मुलाच्या सेकंदांशी जुळत होते, दशांशासकट. स्टॉपवॉचच्या प्रयोगात दोन माणसांचे आकडे असे कधीच जुळत नाहीत. हे समितीला मीच समजावून सांगितलं. फळ्यावर लिहून.

तिला सकाळी नऊला निरोप गेला, अकराला या. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. ती मैदानावरून तशीच आली, ट्रॅकसूटमध्ये. डीननी तिच्याकडे आणि मग आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाकी काही विचारायचं उरलं नाही. बसायला कुणी सांगितलं नाही. प्रश्न इंग्रजीत होते. ती इंग्रजी वाचायची ठीक, पण बोलताना शब्द शोधायची, आणि शोधताना ती काही लपवते आहे असं दिसायचं. हे रेकॉर्ड तुझंच? हो. हे आकडे तुझे? नाही. म्हणजे तू नक्कल केलीस? ती म्हणाली, हो, पण सारनी सांगितलं म्हणून.

आणि तिने माझ्याकडे बघितलं. आरोपाने नाही. आता सार सांगतील आणि हे संपेल, अशा खात्रीने.

डीन माझ्याकडे वळले. त्या क्षणी माझ्या डाव्या बाजूला बसलेले विभागप्रमुख पाण्याचा ग्लास पुढे सरकवत, चहा सांगू का अशा सुरात, मला मराठीत म्हणाले, "होय म्हणाल तर रजिस्टर मागतील. ठावं ना तुम्हांस?"

मी मराठीतच विचारलं, "मग काय म्हणू?"

"आठवत नाही म्हणा. संपलं."

डीनना वाटलं, आम्ही तारखेबद्दल काही पडताळतो आहोत. त्या मुलीला एक अक्षर कळलं नाही. ती एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मग मी इंग्रजीत म्हणालो की अशी काही परवानगी दिल्याचं मला आठवत नाही.

रेकॉर्डवर माझ्या सह्या होत्या, पण त्याचं काय, हे मला कुणी विचारलं नाही. डीननीच उत्तर देऊन टाकलं. पन्नास रेकॉर्ड एकावर एक येतात, सही करताना तारखा कोण बघत बसतो. मी मान हलवली. त्या पहिल्या येणाऱ्या मुलाला आत बोलावून एवढंच विचारलं, तू रेकॉर्ड दिलंस का? तो हो म्हणाला. का दिलंस, हे विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. त्याला ताकीद देऊन सोडलं, चांगला मुलगा आहे, मदत करायला गेला. ती मात्र खेळाडूंच्या कोट्यातली. बाई म्हणाल्या, या मुलांना सगळं फुकट मिळण्याची सवय असते. मुलगी तिथेच उभी होती.

इतिवृत्त मी लिहिलं, माझं इंग्रजी बरं म्हणून. 'विद्यार्थिनीने नक्कल केल्याचे मान्य केले.' तिचं वाक्य मी पहिल्या स्वल्पविरामापाशी तोडलं. तिच्याकडून खाली सही घेतली.

दोन सत्रं परीक्षेला बसायची बंदी आली, वसतिगृहातली कोट्याची जागा गेली. वडील येऊन तिला घेऊन गेले. मी त्यांना लांबून पाहिलं, पिशवी खाली न ठेवता कार्यालयाच्या दाराशी उभे होते. ती परत आली नाही. कॉलेज सोडल्याचा दाखला घेऊन गेली. आमच्याकडे त्या दाखल्यात वर्तणुकीचा रकाना असतो, आणि त्यात सगळ्यांना 'चांगली' असं लिहितात. तिच्या दाखल्यात लिहिलं 'समाधानकारक'. बाहेरच्या माणसाला हा शब्द बरा वाटेल. इथल्या कुठल्याही प्रवेश कार्यालयात तो वाचला की फाइल बाजूला ठेवतात.

त्याच वर्षी मला प्रोफेसर केलं.

विभागप्रमुख त्यानंतर एकदाच या विषयावर बोलले. डबा उघडताना म्हणाले, बरं झालं निभावलं. मग नेहमीसारखं काहीतरी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मला त्यांचं बोलणं ऐकवत नाही. त्यांचं काही बदललं नव्हतं. पण तो सूर कानावर आला की मला तो पाण्याचा ग्लास दिसायचा. मी दुपारचे तास मागून घेतले. पुढे डबा माझ्याच टेबलावर खायला लागलो. त्यांनी कारण विचारलं नाही. अडीच वर्षांनी ते निवृत्त झाले, आणि मग त्या इमारतीत माझ्या भाषेत बोलणारं कुणी राहिलं नाही. बायकोला फोनवर मी जेवण काय केलं ते सांगायचो. घरी कुणी नसलं की माणूस स्वतःशी बोलतो म्हणतात. मी तेही टाळायचो. टीव्ही लावून ठेवायचो, बहुतेक तमिळ बातम्या, त्या अर्ध्याच कळतात.

यंदा पोंगलच्या सुट्टीनंतर टेबलावर एक आदेश आला. नवी चौकशी समिती, पुन्हा एका खेळाडूच्या असाइनमेंटची. माझ्या नावापुढे लिहिलं होतं 'अनुभवी सदस्य'. मी कागद उलटा करून ठेवला, एक तास घेऊन आलो, आणि पुन्हा वाचला. मग समितीतून मोकळं करावं असा अर्ज लिहायला बसलो. 'कारण' या शब्दापुढे मी 'वैयक्तिक' लिहिलं. तो अर्ज दिला नाही. दुसरा लिहायला घेतला, त्यात खरं कारण लिहू लागलो, आणि ते दोन पानं झालं.

त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं. मग तिने विचारलं, "त्या शनिवारी तू काय करत होतास?" मी म्हणालो, झोपलो होतो. ती म्हणाली, "हो, मला आठवतंय. मी फोन केला होता तर म्हणालास लॅब आहे, नंतर बोलू." मला हे आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि ते तिला सांगायची सोय उरली नव्हती.

ते दोन पानांचं पत्र कॉलेजला देण्याआधी विभागप्रमुखांना कळवावं म्हणून तिरुवल्लिकेणीला गेलो. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, थकले होते. मला पाहून आनंद झाला त्यांना. आत हाक मारून कॉफी सांगितली. मी पत्रात त्यांचाही उल्लेख आहे हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "तुमची झोप गेली म्हणून माझी कां मोडतां?"

मी म्हणालो, तिचं शिक्षण मोडलं. ते म्हणाले, तिचं नशीब वाईट, तुमचा स्वभाव वाईट, मी मधे कुठे आलो. मग थोड्या वेळाने हलक्या आवाजात म्हणाले की त्या दिवशी ते स्वतःसाठी बोलले, माझ्यासाठी नाही. प्रत्येक महिन्याला त्या रजिस्टरावर सही त्यांची होती, आणि निवृत्तीला थोडीच वर्षं होती. मी कॉफी संपवली. निघताना त्यांनी दारापर्यंत सोडलं. पुन्हा या, असं नेहमी म्हणायचे, ते म्हणाले नाहीत.

मुलीचा पत्ता क्रीडा संचालकांकडून मिळाला. त्यांनी तो लगेच दिला नाही. कशाला हवा, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, चार वर्षं ती मला दर पोंगलला फोन करते, प्रोफेसर सार, तुमच्याबद्दल एक शब्द वाईट बोलत नाही, त्याचाच मला राग येतो. मग नंबर लिहून दिला.

ती मेडवाक्कमच्या एका खासगी शाळेत मुलींना व्हॉलीबॉल शिकवत होती, हंगामी म्हणून. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा तो दाखला आडवा आला होता. तिसऱ्या वेळचे फॉर्म निघाले होते. हे सगळं मला संचालकांनी सांगितलं. तिने फोनवर फक्त म्हटलं, चारला सराव असतो, ग्राउंडवर या सार.

मी शेअर ऑटोने गेलो. पत्राची एक प्रत पाकिटात होती, मूळ पत्र बॅगेत. ती नेटपाशी उभी होती, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. मला पाहून मान हलवली आणि खेळ थांबवला नाही. मी बाजूला उभा राहून बोललो. ती चेंडूकडे बघत ऐकत होती, मधेच एखाद्या मुलीला पाय कुठे ठेवायचा ते ओरडून सांगत होती. मी पाठ केलेलं बोलणं तसंच अर्धवट राहिलं. मी पाकीट दिलं. तिने दोन्ही पानं उभ्यानेच वाचली. पहिलं पान परत वाचलं.

मग म्हणाली, मी शनिवारी येऊन साडेचारपर्यंत बसले होते, ते यात नाही.

मी म्हणालो, लिहितो.

"आणि सार, त्या दिवशी तुम्ही दोघं काय बोललात?"

मला आधी कळलं नाही. पत्रात मी 'विभागप्रमुखांनी मला गप्प राहण्याचे सुचवले' असं लिहिलं होतं, तेवढं पुरेसं वाटलं होतं मला. ती म्हणाली, तसं नको. तुमच्या भाषेत त्यांनी काय म्हटलं, तुम्ही काय म्हटलं, ते सांगा. तिने चार वर्षं त्यावर विचार केला होता. आपल्या कपड्यांबद्दल काही म्हणाले असतील. गावाबद्दल, किंवा जातीबद्दल. की तुम्ही माझ्या बाजूने काही बोललात आणि त्यांनी नाही म्हटलं? असंही वाटायचं कधी कधी, ती म्हणाली.

या शेवटच्या वाक्यावर माझा धीर सुटला, पण ती उत्तरासाठी थांबली होती. मी ती तीन वाक्यं तिला तमिळमध्ये सांगितली. होय म्हणाल तर रजिस्टर मागतील. मग काय म्हणू. आठवत नाही म्हणा, संपलं.

"एवढंच?"

"एवढंच."

तिने शिट्टी वाजवून मुलींना पाणी प्यायला सोडलं. नेटची दोरी ताणून बघितली. मग म्हणाली, माझ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, हे लिहा.

तिची गुणलेखनाची वही टेकायला गुडघ्यावर घेऊन मी पायरीवर बसलो आणि मूळ पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, शनिवारचं आणि ती तीन वाक्यं लिहिली. आधी मराठीत, मग इंग्रजीत. तिच्या प्रतीतही लिहिलं. कॉलेजला कधी देणार, तिने विचारलं. उद्या, मी म्हणालो. तिने मोबाइलमध्ये वेळ पाहिली. "ऑफिस आज साडेपाचपर्यंत उघडं असतं ना सार?"

मी गेलो. आवक विभागातला कारकून बॅग आवरत होता. त्याने रजिस्टर ओढलं आणि तक्रार कुणाविरुद्ध म्हणून विचारलं. मी माझं नाव सांगितलं. त्याने तक्रार करणाऱ्याच्या रकान्यात ते लिहिलं आणि पुन्हा विचारलं, कुणाविरुद्ध? मी पुन्हा तेच नाव सांगितलं. त्याने ते लिहून शिक्का मारला.

पुढचं थोडक्यात. माझ्यावर चौकशी बसली आहे. लॅब माझ्याकडून काढून घेतली. स्टाफरूममध्ये मी आलो की बोलणं थांबत नाही, पण विषय बदलतो. चौकशीत मला आरोपपत्र आगाऊ दिलं, तमिळ की इंग्रजी विचारलं, बसायला खुर्ची दिली, हवं तर एक सहकारी बरोबर आणा असंही कळवलं. हे सगळं नियमातच आहे. तेव्हाही होतं.

पाच आठवड्यांनी तिला नवा दाखला मिळाला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की आधीच्या दाखल्यात लेखनिकाची चूक झाली होती. समिती, इतिवृत्त, मी, कशाचाच उल्लेख नाही. बंदीची ती दोन सत्रं, मधली वर्षं, अर्धवट राहिलेली पदवी, यातलं कॉलेजने काही परत दिलं नाही, आणि देता येण्यासारखं काय आहे हे मलाही सांगता येणार नाही.

हे मला तिने पाठवलेल्या फोटोंवरून कळलं. दोन फोटो, एक दाखला आणि एक पत्र, खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं, प्रवेशाच्या दिवशी कुणी जुन्या दाखल्याबद्दल विचारलं तर मी येऊन सांगेन, कधी यायचं ते कळव. अर्ध्या तासाने उत्तर आलं. नको सार, मी जाईन.

प्रवेशाची तारीख होऊन गेली. तिला जागा मिळाली की नाही, मला माहीत नाही. संचालकांना विचारता येईल, तिलाही विचारता येईल. विचारायचा मला हक्क नाही असं मी स्वतःला सांगतो, आणि मग वाटतं की गप्प बसायला मला नेहमीच एखादं चांगलं कारण मिळत आलेलं आहे.